खुब्यातला गोळा आणि तीन वर्षे

आमच्याकडे रात्रीचे जेवण अजूनही खाली बसून होते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरचे हे घर, त्यात जेवणाच्या टेबलाला जागा नाही आणि सासूबाईंना ते नकोही आहे. तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या दिवसांत आमचा धाकटा, तेव्हा नुकताच सहा वर्षांचा झालेला, ताटावर बसताना डावा पाय लांब करून बसू लागला. सासूबाई रोज म्हणायच्या, "नीट मांडी घालून बस रे, अन्नाला पाय लावू नये." तो दोन मिनिटे मांडी घालायचा, वरणभात कालवून होईपर्यंत पाय पुन्हा लांब झालेला असायचा. आम्ही त्याला आळस समजलो. त्याच्या आजाराची पहिली खूण रोज रात्री आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिला शिस्त लावत होतो, हे आज लिहितानाही बोचते.

पुढे त्याचा गुडघा दुखू लागला. दुखणे फार नसे. संध्याकाळी खेळून आला की गुडघ्याच्या आतल्या बाजूला हात लावून दाखवी आणि सकाळी विसरून जाई. दसऱ्यानंतर एका रविवारी आम्ही पांडवलेणीला गेलो, तेव्हा चढताना तो नेहमीसारखा पुढे पळाला, उतरताना मात्र एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आला. त्या दिवशी मागून पाहताना त्याची चाल मला प्रथमच वेगळी दिसली: डाव्या पायावर भार आला की सगळे अंग त्या बाजूला झुकायचे.

ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी गुडघा तपासला, गुडघ्याचाच एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला आणि "वाढीचे दुखणे आहे" असे सांगून पट्टी बांधायला दिली. मधल्या काळात शेजारच्या काकांच्या आग्रहाने एका हाडवैद्याकडे तेलाचे मालीशही झाले. या सगळ्यात जवळजवळ तीन महिने गेले. मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही, कारण मूल गुडघ्यावर बोट ठेवत असताना खुब्याकडे पाहण्याची सवय लागावी लागते. पण मांडीला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही मज्जातंतूंच्या फांद्या खुब्याच्या सांध्यालाही जातात, म्हणून खुब्याचे दुखणे मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवते, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात नवी नाही. मूल लंगडत असेल, गुडघा दुखतो म्हणत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्यायलाच हवा, एवढे एक वाक्य मला त्या वेळी कोणी सांगायला हवे होते.

ज्यांनी निदान केले त्या अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्याला हातही लावला नाही. त्यांनी मुलाला विचारले, "लंगडी येते का?" लंगडी हा त्याचा जीव की प्राण, तो उजव्या पायावर ताठ उभा राहिला. मग त्यांनी डाव्या पायावर उभे राहायला सांगितले आणि मला मागे बोलावून त्याच्या कमरेकडे बोट दाखवले. उचललेल्या उजव्या पायाकडची कंबर वर जाण्याऐवजी खाली कलली होती. त्यानंतर त्यांनी त्याला पाठीवर झोपवून दोन्ही मांड्या बाजूला उघडून पाहिल्या. उजवी मांडी सहज उघडली, डावी निम्म्यावर अडली. पाय आतल्या बाजूला वळवतानाही तसेच. मग खुब्याचे दोन एक्स-रे झाले, एक सरळ झोपवून आणि दुसरा बेडकासारखे पाय करून. उजवीकडे मांडीच्या हाडाचे डोके नीट घुमटासारखे दिसत होते. डावीकडचे बुटके, चपटे आणि चुन्याच्या खड्यासारखे पांढरे होते.

"ताई, याला पर्थेस म्हणतात," डॉक्टर म्हणाले, "आणि यातली चांगली गोष्ट आधी सांगतो. मेलेले हाड पुन्हा भरून येते. आपल्या हातात एवढेच असते, की ते भरून येताना गोल यावे."

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे "गोल यावे" हे शब्द माझ्या लगेच लक्षात आले. "मेलेले हाड" पचायला मात्र बरेच दिवस लागले.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी कमरेच्या हाडात असते, गोळा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. लहान मुलांमध्ये या गोळ्याच्या आणि त्याखालच्या मानेच्या मध्ये वाढीच्या कूर्चेची, म्हणजे लवचीक मऊ हाडाची, चकती असते, आणि तिच्यातून रक्तवाहिन्या वर जाऊ शकत नाहीत. म्हणून गोळ्याला रक्त मिळते ते मुख्यतः मानेच्या बाहेरून चढणाऱ्या थोड्या बारीक वाहिन्यांमधून. आमच्या वाड्यात वरच्या मजल्याला पाणी चढवणारी एकच नळी भिंतीबाहेरून गेली आहे. ती तुंबली की खाली पाणी असूनही आमची बादली कोरडी राहते. पर्थेसमध्ये गोळ्याचे असेच होते. रक्त थांबते, हाडातल्या पेशी मरतात, आणि कूर्चेचे आवरण मात्र जिवंत राहते, कारण तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते.

रक्त का थांबते, याला आजही ठाम उत्तर नाही. हा आजार साधारणतः चार ते आठ वर्षांच्या वयात दिसतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये चार-पाच पट अधिक आढळतो, आणि दहातल्या एखाद-दुसऱ्या मुलाला तो दोन्ही बाजूंना होतो, तोही सहसा एकाच वेळी नव्हे. दोन्ही खुब्यांत एकदम तसेच चित्र दिसले तर डॉक्टर थायरॉइडचा किंवा हाडांच्या वाढीचा दुसरा एखादा आजार शोधतात. अशा अनेक मुलांच्या हाडांचे वय त्यांच्या खऱ्या वयाच्या मागे असते. घरातल्या तंबाखूच्या धुराशीही याचा संबंध जोडला गेला आहे. कॅल्शियम कमी पडल्याने मात्र हे होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्या वर्षभरात नाचणीचे सत्त्व, डिंकाचे लाडू आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांचा घरात एवढा ओघ लागला की मला रोज कोणाला तरी समजावावे लागे. मी त्याला नीट खाऊ घातले नाही म्हणून हे झाले, असे त्या प्रत्येक डब्याबरोबर न बोलता सांगितले जाई.

निदानाआधी डॉक्टरांनी रक्ताच्या काही तपासण्या केल्या आणि त्यांची कारणे सांगितली, याचे मला फार बरे वाटले. खुब्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे, तो वगळायला हवा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही हाच गोळा रक्ताअभावी मरतो आणि नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांमध्ये हा आजार आढळतो, म्हणून इथे ती तपासणी सहसा सोडत नाहीत. सर्दीतापानंतर काही दिवस खुब्याला सूज येऊन मूल लंगडते आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होते, असाही एक साधा प्रकार आहे. पण मुलाला चांगला ताप आहे आणि ते पाय टेकवायलाच तयार नाही, असे असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तिथे उद्यापर्यंत थांबणे म्हणजे सांधा गमावणे. पर्थेसमध्ये घाई केली नाही तरी लगेच काही बिघडत नाही आणि त्या पुवाच्या दुखण्यात तासांचा हिशेब असतो, हा फरक आईबापांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

क्षयावरून या आजाराच्या नावाची गोष्ट आठवते. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याआधी लंगडणाऱ्या मुलाच्या खुब्यात काय चालले आहे हे दिसण्याचा मार्गच नव्हता, त्यामुळे यातली बरीच मुले क्षयाची समजून वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवली जात. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा वेगळा आजार असल्याचे लिहिले. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी तो त्याच सुमारास पाहिला होता, पण ते त्याला क्षयाचाच एक प्रकार समजले आणि नावातून वगळले गेले. गंमत अशी, की आजाराच्या पायऱ्या ठरवताना आज सगळे डॉक्टर त्यांचेच नाव घेतात.

त्या पायऱ्या मला समजल्या नसत्या तर ते पहिले वर्ष मी काढू शकले नसते. पहिल्या काही महिन्यांत गोळा पांढरा आणि किंचित चपटा दिसतो. दुसऱ्या पायरीत शरीर मेलेले हाड खाऊन टाकू लागते, आणि एक्स-रेमध्ये गोळ्याचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. हे साधारण वर्षभर चालते. तिसरीत नवे हाड भरत येते, त्याला दीड ते तीन वर्षे लागतात. चौथी म्हणजे जे काही रूप आले ते पक्के होणे. याचा अर्थ असा, की सगळे ठीक चालले असतानाही चित्र आधी बिघडते. निदानानंतर पाचव्या महिन्यात काढलेला एक्स-रे मी खिडकीच्या काचेला लावून पाहिला तेव्हा गोळ्याच्या जागी तीन-चार पांढरे कपचे आणि मध्ये काळोख होता. मुलगा तेव्हा आधीपेक्षा कमी लंगडत होता. मला वाटले, आपला उपचार चुकला. डॉक्टर म्हणाले, "आता कुठे काम सुरू झाले आहे. जुने बांधकाम पाडल्याशिवाय नवे कसे उभे राहील?"

धोका असतो तोही याच काळात. कपचे झालेला गोळा मऊ असतो, ओल्या शाडूच्या मातीसारखा, आणि जसा दाब येईल तसा आकार घेतो. तो पूर्णपणे वाटीच्या आत असेल तर वाटीच त्याचा साचा होते. मूल पाय आखडून चालत राहिले तर गोळ्याची बाहेरची कड वाटीबाहेर सरकते, तिथे फुगते, आणि पुढे पाय उघडताना ती कड वाटीच्या काठावर आपटून दाराच्या बिजागरीसारखी अडते. म्हणून आजच्या उपचाराचे सगळे मर्म गोळा वाटीत राखण्यात आहे. हाड लवकर भरून येईल असे खात्रीचे औषध अजून नाही. दुखले तर दुखण्याची गोळी, मांड्या उघडण्याचे व्यायाम, गरज पडली तर प्लास्टर, आणि काही मुलांमध्ये शस्त्रक्रिया करून मांडीच्या हाडाचा किंवा वाटीचा कोन बदलणे, असे हे मार्ग आहेत.

कोणाला काय करायचे हे ठरते वयावर आणि गोळ्याच्या बाहेरच्या भागाची उंची किती टिकली यावर. वय कमी तितके चांगले, कारण पुढे आकार सुधारायला वाढीची वर्षे हातात असतात. सहाच्या आत आजार झालेली बहुतेक मुले मोठ्या उपचाराशिवाय चांगली होतात. बाहेरच्या भागाची उंची पूर्ण टिकली तर पहिला गट, निम्म्याहून अधिक टिकली तर दुसरा, निम्म्याहून कमी राहिली तर तिसरा, अशी हेरिंग या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञांची विभागणी आहे. आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या दुसऱ्या गटातल्या मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा होतो, आठच्या आतल्या दुसऱ्या गटात ती केली काय आणि न केली काय, परिणाम सारखाच चांगला येतो, आणि तिसऱ्या गटात बहुतेकदा काहीही केले तरी आकार फारसा साधत नाही, असे त्यांच्या २००४ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसले. आता यातली अडचण पाहा: गट कळतो तो तुकडे पडण्याच्या काळात, म्हणजे निदानानंतर काही महिन्यांनी. तोवर डॉक्टरांनाही थांबावे लागते. "मग तुम्ही करताय काय?" असे आम्हाला नातेवाईक विचारत, आणि "वाट पाहतोय" या उत्तरावर कोणाचाच विश्वास बसत नसे.

आमचाही बसत नव्हता, म्हणून आम्ही पहाटे उठून नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली आणि मुंबईत दुसरे मत घेतले. कसाऱ्याच्या घाटात तो खिडकीला चिकटून बोगदे मोजत होता आणि मी मनातल्या मनात प्रश्न. तिथल्या डॉक्टरांनीही तोच गट, तोच सल्ला सांगितला. येण्याजाण्याचा खर्च वाया गेला असे यजमानांना वाटले. मला त्यानंतर पहिल्यांदा नीट झोप लागली.

त्याची मांडी व्यायामाने उघडेना, तेव्हा भूल देऊन जांघेतला आखडलेला स्नायू थोडा सैल केला गेला. त्याच वेळी सांध्यात रंगद्रव्य सोडून गोळ्याचा खरा आकार पाहिला, कारण लहान मुलाचा गोळा बराचसा कूर्चेचा असतो आणि ती एक्स-रेत दिसत नाही. त्यानंतर दोन्ही पायांना प्लास्टर आणि मध्ये आडवा दांडा, पाय फाकवलेले, समोरून पाहिले तर मराठी शाळेतल्या भिंतीवरच्या कंपाससारखे. हे सहा आठवडे.

या सहा आठवड्यांची गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. दांड्याची लांबी आमच्या स्वयंपाकघराच्या दारापेक्षा जास्त होती, त्यामुळे त्याला तिरपे करून आत न्यावे लागे, पलंग भिंतीला लावतात तसे. वाड्याचा लाकडी जिना अरुंद. यजमान पाठीमागून बगलेत धरत आणि मी दांडा धरून उलटी उतरत असे. नेहमीच्या रिक्षात तो मावेना, शेवटी एका ओळखीच्या रिक्षावाल्याने मागची आडवी पाठ काढून ठेवली. संडास खाली, अंगणाच्या टोकाला आणि उकिडवे बसण्याचा. म्हणून घरातच भांडे. अंग पुसताना प्लास्टरच्या कडेला पाणी जाऊ नये म्हणून मी दुधाच्या पिशव्या कापून गुंडाळत असे. सगळ्यांत त्रासाची होती ती खाज. तो रात्री जागा होऊन पट्टीने प्लास्टरच्या आत खाजवायला बघे, डॉक्टरांनी ते सक्त मना केले होते, आणि मग सासूबाई वरून प्लास्टरवर बोटांनी ताल धरत. त्या आवाजाने त्याला झोप लागे. का लागे ते मला सांगता येणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर पाय लाकडासारखे झाले होते. व्यायाम, महापालिकेच्या तलावात पोहणे, सायकल, एवढ्याला परवानगी. उड्या, पळणे, लंगडी बंद. लंगडी का बंद, हे मी त्याला फळ्यावर तरफ काढून समजावले. एका पायावर उभे राहिले की शरीराचा भार खुब्याच्या एका बाजूला लांबवर असतो आणि तो तोलणारे स्नायू दुसऱ्या बाजूला अगदी जवळून ओढतात, म्हणून त्यांना वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो आणि गोळ्यावर एकूण वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. त्याचे वजन तेव्हा वीस किलो होते. त्याने गुणाकार केला आणि म्हणाला, "आई, म्हणजे माझ्या गोळ्यावर बाबा उभे राहतात." त्यानंतर त्याने लंगडीचा हट्ट धरला नाही, तरी खेळाच्या तासाला पायरीवर बसून इतरांचे गुण लिहून ठेवणे हे त्याला सोपे गेले असे मी म्हणणार नाही. शाळेने वर्ग तळमजल्यावर आणायला चार महिने आणि तीन अर्ज घेतले, एवढेच त्याविषयी लिहिते.

आता तो नऊ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यातल्या एक्स-रेवर डॉक्टरांनी एक पारदर्शक पत्रा ठेवला, ज्यावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने एकाच केंद्राची वर्तुळे छापलेली होती. ते पत्रा सरकवत गोळ्याच्या कडेशी वर्तुळ जुळवत होते आणि मी श्वास रोखून पाहत होते. इतकी वर्षे मुलांकडून समकेंद्री वर्तुळे काढून घेताना ती कधी अशा कामाला येतील असे वाटले नव्हते. वरची आणि आतली कड एकाच वर्तुळावर बसली. बाहेरची थोडी आत गेली, पण पुढच्या वर्तुळापर्यंत पोहोचली नाही. म्हणजे फरक दोन मिलिमीटरच्या आत. पूर्ण गोल नाही, गोळा उजव्यापेक्षा थोडा मोठा आणि मान थोडी आखूड आहे, डावा पाय सुमारे एक सेंटिमीटरने कमी. वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी दाखवायचे आहे, आणि गोळा वाटीत जितका नीट बसेल तितकी पन्नाशीत सांधा झिजण्याची भीती कमी, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले.

घरी आमचे एक वेगळे मोजमाप चालते. दर रविवारी जेवायला बसल्यावर तो मांडी घालतो आणि सासूबाई त्याच्या डाव्या गुडघ्याखाली हात घालून गुडघा जमिनीपासून किती वर राहतो ते पाहतात. प्लास्टर काढले त्या आठवड्यात पूर्ण वीत होती. या रविवारी तीन बोटे भरली. पाय दुखू लागला की तो अजूनही लांब करतो, आणि ताटाच्या बाजूने कोणी काही बोलत नाही.